टेप करणारा कुठं बसलाय?

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरीत कुंभार गल्लीत पाणी शिरलं, रंगायला घेतलेले गणपती हलवताना लोकांची तारांबळ उडाली. आमच्याकडेही तळमजल्यावरचं धान्य, कागदपत्रं, फ्रिज असं करत सगळं माडीवर गेलं. काकांच्या कॅसेटची लोखंडी ट्रंक जिन्याखाली होती, तिचा नंबर शेवटी लागला. तोवर खालच्या थराला पाणी लागलं होतं.

काका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. आयुष्यभर दिवसा वजनं आणि पट्ट्या, रात्री गाणं. शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली ती १८९५ साली, आणि त्याच साली अल्लादियाखाँसाहेब दरबार गवई म्हणून कोल्हापुरात आले. ही दोन्ही सालं काका एका दमात सांगतात, जणू पेठ खाँसाहेबांच्या सोयीसाठीच वसवली होती. गावात मैफलींना तोटा नव्हता. गायन समाज देवल क्लब तर १८८३चा. काकांनी ऐन उमेदीत पगारातून पैसे साठवून आधी स्पूलचा आणि मग कॅसेटचा टेपरेकॉर्डर घेतला आणि जिथं जमेल तिथं गाणं टेप करत सुटले.

पाणी ओसरल्यावर मी त्या कॅसेटी घेऊन बसलो. खोकं स्क्रूचं असेल तर काम सोपं. पाच स्क्रू काढायचे, दोन्ही चकत्या फितीसकट अलगद उचलायच्या, सावलीत वाळवायच्या आणि नव्या खोक्यात बसवायच्या. खोकं चिकटवलेलं असेल तर ब्लेडनं फोडावं लागतं आणि त्यात फीत सांडली की संध्याकाळ गेली. बुरशी चकतीच्या कडेला पांढऱ्या पिठासारखी धरते. ती मऊ ब्रशनं झाडायची, तोंडाला फडकं बांधून. फीत एकदा सबंध पुढे-मागे फिरवायची, मग वाजवायची, आणि दर कॅसेटमागे टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. बोळा तपकिरी होऊन येतो. ती तपकिरी पूड म्हणजे गाणंच असतं, तेवढं गेलं.

त्या ट्रंकेत माझ्याही काही कॅसेटी होत्या, पुण्यातल्या हॉस्टेलच्या दिवसांतल्या. त्यातली एक लेड झेपेलिन या रॉक बँडची. २१ जून १९७७, लॉस एंजेलिसजवळच्या फोरममधला कार्यक्रम. कंपनीनं काढलेली रेकॉर्ड नव्हे, प्रेक्षकांत बसून कुणीतरी चोरून टेप केलेली. माझ्याकडे आली ती कॉपीच्या कॉपीची कॉपी. कार्यक्रम तीन तासांच्या वर चाललेला, त्यातल्या सुरुवातीच्या दीड तासाची माझी कॅसेट. फीत वाळवून लावली तेव्हा काका खुर्चीत पेपर वाचत होते.

आधी नुसता गलका. हजारो माणसांचा, मधूनच जवळच कुणाची तरी शीळ, मग एकदम गिटार आणि ड्रम. काकांनी पेपर खाली ठेवला. आता "बंद कर ते" ऐकायला मिळणार असं मी धरून चाललो होतो. काका म्हणाले, "ह्यो टेप करणारा कुठं बसलाय रे?"

मैफली टेप करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार. स्टुडिओतल्या रेकॉर्डला जागा नसते. तिथं प्रत्येक वाद्याला वेगळा माइक, आणि सगळं मागाहून जुळवलेलं. ऐकणारा कुठंच बसलेला नसतो. प्रेक्षकांतल्या टेपला एक खुर्ची असते. डावीकडचा माणूस शिट्टी मारतो, मागचा ओरडतो, भिंतीवरून आवाज परत येतो, आणि हे सगळं एकाच माणसाच्या कानापाशी जमा होतं.

त्या माणसाचं नाव माइक मिलार्ड. हा पठ्ठ्या पाय धडधाकट असताना चाकाच्या खुर्चीत बसून आत जायचा. खुर्चीत नाकामिचीचा वजनदार कॅसेट रेकॉर्डर दडवलेला, आणि सोबत एकेजी कंपनीचे चांगल्या प्रतीचे माइक. दारावरचा पहारेकरी अपंगाची झडती कशाला घेईल? झेपेलिननं त्या जूनमध्ये फोरममध्ये सहा रात्री वाजवलं. पहिल्या रात्रीची मिलार्डची टेप जगभर हातोहात फिरली, आणि ड्रमर जॉन बोनहॅम किती जोरकस वाजवायचा ते या टेपवरून कळतं, असं त्याचे चाहते आजही सांगतात. हे सगळं मी सांगितल्यावर काका इतके खूश झाले की चहा सांडला. "खुर्चीत? आयला! आम्ही शाल घेऊन जायचो, उन्हाळ्यात सुद्धा."

मग शालीचा किस्सा आला. यंत्र मांडीखाली, माइकची वायर बाहीतून, आणि एक बाजू संपत आली की टाळ्यांची वाट बघायची, कारण कॅसेट उलटताना खटका वाजतो. टाळ्या पडल्याच नाहीत तर खोकायचं. काकांच्या कितीतरी टेपांत तबल्याच्या अगदी जवळ एक खोकला ऐकू येतो. तो कुणाचा, हे मला तेव्हा कळलं.

कॅसेट चालूच होती. आता 'नोबडीज फॉल्ट बट माइन' लागलं. काका डोळे मिटून ऐकत होते. बोनहॅमबद्दल ते एवढंच म्हणाले, "हात वजनदार आहे, पण लय सुटत नाही." पुढं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' हे संथ ब्लूज गाणं आलं तेव्हा मात्र त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ह्याचा गंधार बघ. कोमल म्हणावा तर चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. आणि तिथंच घासतोय." ब्लूजचा सगळा जीव त्या दोन गंधारांमधल्या जागेत असतो, हे मला पुस्तक वाचून समजलं होतं. काकांना गिटारची तार ताणल्याचं ऐकून समजलं.

'नोबडीज फॉल्ट' हे मूळचं झेपेलिनचं नाही. टेक्सासचा आंधळा गायक ब्लाइंड विली जॉन्सन यानं ते १९२७ साली रेकॉर्ड केलं. याच जॉन्सनचं त्याच साली केलेलं दुसरं एक ध्वनिमुद्रण व्हॉयेजर या अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीवर आहे. फोरममधला तो कार्यक्रम १९७७च्या जूनमधला. त्याच वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही यानं सुटली. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. केसरबाई म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या दरबाराशी नातं. दुसरं यान सुटल्यावर दोनच आठवड्यांत, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या.

आणि खुद्द खाँसाहेबांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. १९४६पर्यंत ते होते, तबकड्यांचा धंदा तोवर जोरात चाललेला, पण त्यांनी आवाज दिला नाही. नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितलेलं आत्मचरित्र आहे, शिष्यांचं गाणं आहे. ते स्वतः कसे गात, ते ज्यांनी ऐकलं त्यांच्याबरोबर गेलं. माझं मत असं की कोल्हापुरात तेव्हा शालीखाली यंत्र लपवणारा एखादा दिवाणजी असता तर त्याला सात खून माफ. काकांना ते पटत नाही. "त्यांनी नको म्हटलं होतं ना? मग नको." केसरबाईंनाही मैफलीत टेपरेकॉर्डर चालत नसे, असं जुनी मंडळी सांगत.

इथं आमचं बिनसलं ते आजपर्यंत. मी वाळवलेल्या सगळ्या कॅसेटी संगणकावर घेतल्या. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडनं १९८४पासून टेप करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखून ठेवली, आणि आज तसल्या हजारो मैफली इंटरनेटवर कुणालाही फुकट ऐकता येतात. काकांच्या टेपाही तशा खुल्या कराव्यात असं मी म्हणालो. त्यांनी साफ नकार दिला. मी म्हणालो, तुम्ही स्वतः चोरून टेप केलंत, आता कुठला संकोच? ते म्हणाले, "मी माझ्यापुरतं केलं. बुवांना विचारायला गेलो असतो तर नाहीच म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. गावाला वाटायचं तर विचारायला पाहिजे, आणि आता विचारू कुणाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी व्हॉयेजर पुढं केलं. बाईंची भैरवी तर ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली, काका.

काका चष्मा पुसत म्हणाले, "मग त्या अमेरिकेवाल्यांना विचार, बाईंची परवानगी घेतली होती का. आणि तोवर माझ्या टेपा तुझ्या त्या डब्यातच राहू देत. तुझ्या चोराच्या काय वाटायच्या त्या वाट."