आईच्या वाटीने

दसरा झाला आणि दोनच दिवसांनी आई बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर बसलं. दुखतंय वगैरे ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "चकल्या कोण करणार?" लाडू आणि चिवडा बायकोने आधीच अंगावर घेतला होता. चकली, आकाशकंदील आणि रांगोळी ही आईची खाती. मी म्हणालो, "मी करतो." त्रेचाळीस वर्षांत मी यातलं फक्त खाल्लं आणि पाहिलं होतं.

वही-पेन घेऊन आईसमोर बसलो. "चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक मुगाची, अर्धी उडदाची, थोडे पोहे, धने-जिरे अंदाजाने." अंदाजाने म्हणजे किती, हे तिला सांगता येईना. हाताने दाखवायला गेली तर तो हात प्लॅस्टरमध्ये. मग मी तिच्या डाव्या ओंजळीत धने ओतत गेलो, तिने "बस" म्हटल्यावर ते चमच्याने मोजले आणि वहीत लिहिलं: सात चमचे. आई म्हणाली, "डावा हात आहे, थोडे आणखी घे." मी सात खोडून आठ केले.

भाजायला मोठी कढई ठेवली आणि सगळं एकदम घातलं. शेवटी दळून एकच पीठ होणार, मग वेगवेगळं कशाला, असं मला वाटलं. पंधरा मिनिटांनी जिरं काळं पडलं होतं आणि हरभऱ्याची डाळ दाताखाली कच्ची लागत होती. किलोभर धान्य वाया गेलं. आई रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला. प्रत्येक धान्याला लागणारा वेळ वेगळा, म्हणून प्रत्येक वेगळं भाजायचं, तेही मंद आचेवर. तांदूळ आधी धुऊन, पंचावर पसरून, सावलीत वाळवायचे. डाळींचा रंग किंचित बदलला की उतरवायच्या. पोहे नुसते कुरकुरीत झाले की पुरे. दुसऱ्या वेळी या कामाला मला दोन तास लागले. आईला किती लागत असेल, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

गिरणीत रांग होती. माझा डबा पुढे गेल्यावर गिरणीवाल्याने विचारलं, "कशावर दळू?" मला प्रश्नच कळला नाही. मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "तांदळावर दळून द्या हो त्यांना." मग त्यांनीच मला समजावलं. आधीच्या दळणाचं थोडं पीठ गिरणीत राहतं. गव्हावर दळलं की गहू मिसळतो आणि तो चकलीला चालत नाही. 'तांदळावर' हा शब्द मी वहीत दोन रेघा मारून लिहिला.

मग कंदील. बुरुड आळीतून बांबूच्या कामट्या आणल्या, रविवार पेठेतून पतंगाचा कागद आणला. आईने सांगितलेलं गणित सोपं होतं: वीतभर लांबीच्या चोवीस कामट्या, त्यांचे सहा चौकोन, आणि ते कोपऱ्याला कोपरा लावून दोऱ्याने बांधायचे. चौकोन बांधले खरे, पण उचलला की प्रत्येक चौकोन शंकरपाळ्यासारखा तिरपा व्हायचा. तासभर मी गाठी आवळत बसलो. गाठीत काहीच दोष नव्हता. चार काड्यांचा चौकोन कितीही घट्ट बांधला तरी कोपऱ्यांत फिरतोच. आत दोऱ्याची फुली ताणून बांधावी लागते. आईला हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक असेल असं तिने धरलं होतं.

पुढचा भाग मला फार आवडला. चार चौकोन टोकावर उभे करून शेजारी शेजारी बांधायचे, एक वर, एक खाली. ते जोडले गेले तेव्हा मधल्या जागांमध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार झाले. मी एकही त्रिकोण बांधला नव्हता. सांगाडा हातात धरून मी तो बराच वेळ फिरवत राहिलो. मैद्याची खळ मात्र मी जाड केली आणि कागदाला फासली, त्यामुळे दोन कागद ओले होऊन फाटले. खळ पातळ हवी आणि ती कामटीला लावायची. उरलेले कागद लावून रात्री तसंच ठेवलं. सकाळी वाळलेला कागद इतका ताणला गेला होता की टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. झिरमिळ्या आईने डाव्या हाताने कातरल्या. त्या वेड्यावाकड्या झाल्या, पण मी त्या बदलू दिल्या नाहीत.

चकलीने माझ्या तीन संध्याकाळी घेतल्या.

पहिल्या दिवशी चार वाट्या भाजणीला चार वाट्या पाणी घेतलं. पाण्यात तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ आणि तेलाचं मोहन घालून उकळी आणली, भाजणी घातली, ढवळून झाकण ठेवलं. वाफ जिरल्यावर मळायला घेतलं तर पीठ हाताला लोण्यासारखं लागलं. सोऱ्यात चांदणीची चकती घालून चकल्या पाडल्या, पण काटे काही उठेनात. तळल्यावर त्या मऊ राहिल्या. माप तर बरोबर होतं! आई स्वयंपाकघरात आली, ओट्यावर बघितलं आणि विचारलं, "पाणी कोणत्या वाटीने घेतलंस?" भाजणी मी तिच्या वाटीने मोजली होती. जुनी, काठाला चेपलेली, तिचं नाव कोरलेली. पाण्याच्या वेळी ती पिठाने माखलेली होती, म्हणून नव्या संचातली वाटी घेतली. ती मोठी होती.

त्या रात्री मी 'रुचिरा' काढलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. आमच्याकडची प्रत आईच्या लग्नानंतर लगेच घेतलेली, हळदीच्या डागांची. त्यातली मापं वाटी-चमच्याची आहेत. घरात तराजू नसलेल्या नव्या मुलीला ती किती सोयीची पडली असतील, हे मला त्या रात्री समजलं. वाटी किती मोठी याला महत्त्व नसतं. पीठ आणि पाणी एकाच वाटीने मोजलं की प्रमाण जमतं.

दुसऱ्या संध्याकाळी वाटी एकच ठेवली. चकली खुसखुशीत व्हायला मोहन लागतं असं आईने सांगितलं होतं. आदल्या दिवशीच्या मऊ चकल्या डोळ्यांसमोर होत्या, म्हणून तेल दुप्पट घातलं. पहिली चकली तेलात सोडली आणि ती विरघळली. आधी कडा सुटल्या, मग वेढे, आणि कढईभर भुगा तरंगू लागला. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते, जास्त झालं तर पीठ एकमेकाला धरून राहत नाही. चार वाट्यांना पाव वाटी. मी ते लिहिलं आणि झाऱ्याने भुगा गोळा केला. मुलीने तो दह्यात घालून खाल्ला.

तिसऱ्या संध्याकाळी आई दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसली होती, मी आत. मळताना पाण्याचा हात लावून पीठ मऊ केलं, शेवटचं टोक दाबून चिकटवलं, तेल नीट तापू दिलं, चकल्या सोडल्यावर आच मध्यम केली. रंग बघत उभा होतो. बाहेरून आई म्हणाली, "आवाज कमी झाला. आता काढ."

मी कान दिला. खरंच, मघाचा चरचराट विरत चालला होता आणि बुडबुडे थोडेच उरले होते. बुडबुडे म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडणं. पाणी संपत आलं की आवाज बसतो. रंग त्या आधीच येतो आणि फसवतो, आतून चकली मऊ असते. इतकी वर्षं आई पाठ करून दुसरं काम करताना बरोबर वेळी वळायची, ते याच्या जोरावर. पुढचे सगळे घाणे मी डोळे मिटून तळले, शेवटचे दोन सोडून सगळे तिच्या हाकेच्या आधी काढले.

वसुबारसेला नव्या पणत्या लावल्या आणि तासाभरात विझल्या. खाली फरशीवर तेलाची वर्तुळं. कोरी माती तेल पिते; पणत्या आधी काही तास पाण्यात बुडवून, निथळून घ्यायच्या असतात. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य दाखवला. तो एवढाच एक पदार्थ मला पहिल्या फटक्यात जमला.

रांगोळीसाठी दारात गेरूचा चौकोन सारवला. सात ते चार ठिपक्यांची साधी नक्षी: मधे सात ठिपके, वर-खाली कमी होत चार. मी ठिपके एकाखाली एक दिले आणि रेघा जुळेनात. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी थांबल्या. "अरे, खालचा ठिपका वरच्या दोघांच्या मधे." पुसून पुन्हा दिले: चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. सदतीस ठिपके, आणि षटकोन दिसू लागला. चिमटीतून रांगोळी मात्र एकसारखी सुटत नव्हती. रेघ कुठे दोरी, कुठे केस. लक्ष्मीपूजनापर्यंत ती थोडी बरी झाली. आजी रोज जाता-येता बघत होत्या, त्यामुळे मी रोज नवी काढली.

भाऊबीजेला ताई आली. पायरीवर थांबून तिने कंदिलाकडे पाहिलं, झिरमिळ्या हातात घेतल्या आणि काही बोलली नाही. ओवाळणं झाल्यावर फराळाची ताटली पुढे ठेवली. तिने चकली मोडली, मोडल्याचा आवाज ऐकला, आत पोकळी दिसते का ते बघितलं. हे सगळं आईसारखंच. मग आईकडे न बघता तिने मला विचारलं, "मोहन किती घातलंस?"

"चार वाट्यांना पाव," मी म्हणालो. "आईच्या वाटीने."