धूर कुठाय?

आम्हा कोल्हापूरकरांना विजेच्या इंजिनाचे अप्रूप जरा जास्तच! मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली, ती विजेवरच. आणि आमच्या स्टेशनात तार यायला त्यानंतर नव्वद वर्षे लागली.

माझे लहानपण मीटरगेजवरचे. कोल्हापूर ते पुणे कोळशाचे इंजिन. आईला दमा होता आणि मामा परळला गिरणीत, त्यामुळे भावाला भेटायचे म्हणजे तिची परीक्षाच. बोगदा आला की डब्यात एकच गलका, "खिडक्या लावा, खिडक्या लावा!" आई ओला पदर नाकाशी धरून बसे. बोगदा संपला तरी तिची धाप कमी होत नसे.

पुण्याला सामानसुमान घेऊन गाडी बदलायची. पुढे ब्रॉडगेज आणि विजेचे इंजिन. लोणावळा सोडले की बोरघाटातले बोगदे सुरू. पहिल्या खेपेला आईने सवयीने पदर नाकाला लावला. दोन बोगदे झाले, तिने पदर हळूच खाली घेतला आणि मला विचारले, "धूर कुठाय रं?"

हा घाट म्हणजे दर ३७ फुटांना एक फूट चढ. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. अशा चढावर, बोगद्यांत, कोळशाच्या इंजिनाने काय हाल होत असतील! म्हणून तर जी.आय.पी. रेल्वेने १५०० व्होल्टची डी.सी. तार इथवर ओढली. मालगाड्यांसाठी लांबलचक, मध्ये सांधे असलेली इंजिने आणली. रेल्वेतले लोक त्यांना 'खेकडा' म्हणत. पुढे १९६१ साली चित्तरंजनच्या कारखान्यात देशातले पहिले विजेचे इंजिन तयार झाले, त्याचे नाव 'लोकमान्य'. वर्गात हे सांगताना मला फार अभिमान वाटे.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला शिक्षक झाल्यावर, वाचताना मिळाले. या तारेसाठी रेल्वेने कल्याणजवळ चोळा येथे स्वतःचे वीजघर बांधले होते, आणि तेही कोळशावरच चालणारे! म्हणजे धूर संपला नव्हता. बोगद्यातून उठून तो ठाकुर्लीच्या धुराड्यातून बाहेर पडत होता. तिथेही कुणाची तरी आई दमेकरी असेलच की.

तरीही मी विजेच्या इंजिनाला नावे ठेवणार नाही. आई त्यानंतर कितीतरी वेळा भाऊबीजेला परळला जाऊन आली. पुण्यापर्यंत पदर आणि पुढे उघडी खिडकी, असा तिचा हिशेब होता. १९७१ साली ब्रॉडगेज कोल्हापूरला आली, पुण्याची गाडीबदल संपली.

ती डी.सी.ची तारही आता इतिहासजमा झाली. मुंबईत २०१६ साली ती पुरती बंद झाली. त्या काळचे 'सर लेस्ली विल्सन' इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहे. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूरहून पुण्याला वंदे भारत जाते. तिच्या खिडक्या उघडतच नाहीत. आणि देशातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे. शाळेतली मुले भेटली की मी त्यांना आईचाच प्रश्न विचारतो.