आधी पाणी जोखावं

श्रावणात पूर्णा नदीचं पाणी दूध जास्त पडलेल्या चहासारखं दिसतं. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी वाटेतल्या शेतांची माती पोटात घेऊन जिंतूर तालुक्यात येलदरीच्या जलाशयात शिरते. तेव्हा काठावर बसून कोपरापर्यंत हात बुडवला, तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात दबा धरून बसलेल्या मरळाला गळावर घ्यायचं म्हणून हौशी मासेमार जे बनावट बेडूक आणि रबरी मासे टाकतात, त्यांचे रंग बघावेत: पोपटी, लिंबासारखा पिवळा, शेंदरी, जत्रेतल्या फुग्यासारखा गुलाबी. अमेरिकेत बास नावाच्या माशामागे लागलेल्यांची पेटीही अशीच भडक असते आणि तिथे मान असतो तो पिवळट पोपटी रंगाला. बास आपल्याकडचा मासा नव्हे. पण आडोशाला थांबून, डोळ्यांनी हेरून एका झेपेत भक्ष्य गिळणारा म्हणून मरळ त्याचा स्वभावाने भाऊ शोभतो. हे रंग चालतात, हे दोन्हीकडचा अनुभव सांगतो. का चालतात, याचं ‘माशाला भडक रंग आवडतात’ हे उत्तर मात्र घाईचं आहे. माशाच्या आवडीपेक्षा पाण्याच्या स्वभावात त्याचं उत्तर अधिक सापडतं.

पाणी प्रकाशाला चाळणीसारखं चाळतं, पण प्रत्येक पाण्याची चाळणी निराळी. स्वच्छ समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो आणि खोलवर निळा तेवढा उरतो. आपल्या नदी-तळ्यांत हा क्रम उलटतो. कुजलेल्या पाल्याचा अर्क आणि मातीचे कण आधी निळा-जांभळा प्रकाश खाऊन टाकतात. त्यातून वाचतो तो पिवळा, नारिंगी, तांबूस. त्यात परभणीची जमीन काळी, चिकण मातीची. तिचे कण इतके बारीक की घागरीत भरून ठेवलेलं पुराचं पाणी दुसऱ्या दिवशीही नितळ होत नाही. म्हणून तर तुरटी फिरवायची. अशा पाण्यात निळ्या रंगाचं आमिष सोडलं तर त्याच्यापर्यंत निळा प्रकाश पोचतच नाही. मग ते परत काय पाठवणार? ते काळपट होतं आणि गढूळपणात मिसळून जातं. पिवळ्या-शेंदरी आमिषाला निदान आपल्या रंगाचा प्रकाश मिळतो. वसमतच्या बाजारातली हळद अंधाऱ्या गोदामातही डोळ्यात भरते, तसंच काहीसं.

पण मग पांढरं आमिष का नको? ते तर सगळेच रंग परतवतं. इथे त्या भडक रंगांचं खरं मर्म लागतं. पांढरा पृष्ठभाग मिळेल तेवढंच परत देतो. पाणी तपकिरी असेल तर पांढराही तपकिरी दिसतो. चकाकणारा पोपटी किंवा नारिंगी रंग मात्र थोडी जादू करतो. वह्यांवर ओळी रंगवायचा हायलायटर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांचं जाकीट ज्या प्रकारच्या रंगाचं असतं, त्याच प्रकारचा हा रंग. निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश तो पिऊन घेतो आणि पिवळा-हिरवा किंवा नारिंगी करून बाहेर टाकतो. म्हणजे त्या रंगाचा जेवढा प्रकाश त्याच्यावर पडला, त्याहून जास्त तो परत देतो. ढगाळ दिवशी ते जाकीट पेटल्यासारखं दिसतं, ते यामुळे. अर्थात ही जादू वरच्या थरापुरती. गढूळ पाण्यात खाली गेलं की प्यायला निळा प्रकाशच उरत नाही. पण मरळ राहतो तो उथळात, शेवाळ आणि गवताच्या कडेला. हवेतून श्वास घेणारा मासा तो, त्याला वारंवार वर यावंच लागतं. त्याचा मुक्काम आणि या रंगाची हद्द एकाच थरात पडतात.

माशाला रंग तरी कळतात का, ही शंका जुनी आहे आणि तिचं उत्तरही जुनं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये फ्रँक ब्राऊन यांनी 1937 साली बासला रंग ओळखायला शिकवून पाहिलं आणि निष्कर्ष काढला की पिवळसर काचेचा चष्मा लावलेल्या माणसाला जसं दिसेल, तसं या माशाला दिसत असावं. अलीकडच्या अभ्यासात बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या आढळल्या, एक हिरव्याला आणि दुसरी तांबड्याला जागणारी. माणसाकडे तीन असतात. त्यामुळे लाल आणि हिरवा बास चांगले ओळखतो. निळा आणि काळा यांत मात्र गोंधळतो, आणि पिवळट पोपटी त्याला पांढऱ्याहून वेगळा काढता येत नाही. ज्या रंगावरून मासेमारांची भांडणं, तो माशाच्या लेखी बहुधा नुसता ‘उजळ’! बासचा डोळा मरळाला जसाच्या तसा बसवता येणार नाही, हे खरं. पण एवढं दिसतं की भडक रंगाची किंमत त्याच्या नावात नसून पार्श्वभूमीपासून तो किती सुटून दिसतो यात आहे.

यावर जुना जाणता भोई हसेल. गांडुळाला कुठला आलाय भडकपणा? तरी मासा लागतोच की. बरोबर आहे, पण गांडूळ वासाने आणि चवीने बोलावतं. रबराला ना वास ना चव, त्याला दिसण्यावर आणि हलण्यावरच भागवावं लागतं. हालचाल रंगाहून मोठी, हेही मान्य. माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातला थरथराट अंधारातही टिपते. मात्र थरथर कुठून आली हे कळल्यावर शेवटची झेप अचूक पडायला डोळा लागतो, आणि रंगाचं काम तेवढ्या शेवटच्या हातभर अंतराचं आहे. दुसरा आक्षेप असा की निसर्गात असे रंग नसतातच. असं म्हणणाऱ्याने पहिल्या पावसानंतरचं डबकं पाहावं. एरवी मातकट हिरवा असणारा मोठा बेडूक तेव्हा हळद लागलेल्या नवऱ्यासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. खुद्द मरळाची पिल्लं तर शेंदरी असतात; पाण्यावर कुंकू सांडावं तसा त्यांचा थवा गवतालगत सरकत असतो आणि खाली त्यांचे पालक राखण करत असतात.

याचा अर्थ भडक रंग बारमाही नव्हे. थंडीत येलदरीचा गाळ खाली बसतो, पाणी हिरवट नितळ होतं; तिथे चंदेरी, शेवाळी, खऱ्या माशासारखं आमिष बरं, कारण आता मासा निरखून पाहू शकतो. सांजवेळी वर तरंगणारा बेडूक खालून पाहणाऱ्याला उजळ आभाळावरची सावलीच दिसतो. तेव्हा काळा चालतो. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलवेत्त्याने 1865 मध्ये पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं होतं. जेवणाची पांढरी ताटली दोरीला बांधून तेच काठावरही करता येतं, आणि पेटीतला रंग मग ताटलीला विचारून काढता येतो. एक जागा मात्र या हिशेबाबाहेरची: त्या शेंदरी थव्याजवळ टाकलेल्या आमिषावर मरळ भूक नसतानाही तुटून पडतो, कारण त्याला लेकरांजवळ आलेला परका हुसकवायचा असतो. तिथे रंग जिंकला असं म्हणणं खोटं ठरेल, आणि तो मासा उचलला तर तो थवा उघडा पडेल. मराठीत एखाद्याचा वकूब ओळखण्याला पाणी जोखणं म्हणतात. गळ टाकणाऱ्याने तेवढा एक वाक्प्रचार शब्दशः पाळला, तरी रंग कुठला लावायचा आणि गळ कधी गुंडाळून ठेवायचा, हे दोन्ही त्याला कळेल.