परळची यात्रा

मुंबईस येणारा प्रवासी राणीची बाग पाहतो, महालक्ष्मीचें दर्शन घेतो, चौपाटीच्या वाळूंत घटकाभर बसून येतो. परळास मुद्दाम म्हणून कोणी जात नाहीं. गिरण्यांचें परळ १९८२ सालच्या संपानंतर हळूहळू मोडत गेलें आणि धुराड्यांच्या जागीं कांचेचे मनोरे उभे राहिले. परंतु याच परळांत एक चिंचोळा टापू असा आहे कीं, तेथें काश्मीरपासून त्रिपुरापर्यंतचीं माणसें अंथरूणपांघरूण घेऊन येतात, महिने महिने राहतात, आणि गांवीं परतल्यावर त्या प्रवासाविषयीं चकार शब्द काढीत नाहींत. काशीहून आलेला मनुष्य गंगापूजन करून गांवजेवण घालतो. परळाहून आलेला मागील दारानें घरांत शिरतो. आमच्या धाकट्या भावजयीच्या आजारानिमित्त आम्हां उभयतांस गतवर्षीं सहा महिने त्या टापूंत ये-जा करावी लागली. तेथें जें पाहिलें व ऐकलें तें घरांत सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत यावें कीं न यावें, असा विचार कांहीं दिवस केला. शेवटीं यावेंच असें ठरविलें.

साताऱ्यास मध्यरात्रीं महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली म्हणजे सकाळीं दादर येतें. कर्करोगाच्या रुग्णास व त्याच्या एका सोबत्यास उपचारासाठीं जातांना रेल्वे भाड्यांत मोठी सूट देते. त्यास इस्पितळाचा दाखला लागतो. ही गोष्ट आम्हांस तिकिटांच्या खिडकीवर नव्हे, डब्यांत समोर बसलेल्या कऱ्हाडच्या एका बाईंकडून कळली. पुढें उपयोगी पडलेल्या बहुतेक गोष्टी अशाच वाटेनें कळल्या, म्हणून त्या बाईंचा उल्लेख प्रथम केला.

परळांतील ही रोग्यांची वस्ती आजची नव्हे. पूर्वीं येथें गव्हर्नरांचा बंगला होता. त्यांत १८९९ सालीं डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. १९२६ सालीं के. ई. एम. रुग्णालय उघडलें, शेजारीं वाडियांचीं प्रसूतिगृह व मुलांचें रुग्णालय अशीं दोन उभीं राहिलीं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें परदेशांत वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधींतून टाटा स्मारक रुग्णालय ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. १९५७ सालीं तें सरकारनें घेतलें आणि १९६२ पासून तें अणुशक्ति खात्याकडे आहे. समोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचें नांव आहे. हे गोमंतकांतले शल्यवैद्य, त्यांनीं आयुष्य याच इस्पितळांत वेंचलें. ज्यास वेळ असेल त्यानें जवळच बारादेवीच्या देवळांतील शिवाची अखंड पाषाणमूर्ति अवश्य पाहावी. एकाच शिळेंतून सात आकृति निघाल्या आहेत. ती १९३१ सालीं रस्त्याचें काम करतांना सांपडली. आम्हांस वेळ पुष्कळ असे. रक्त देऊन अहवाल येईपर्यंतचे चार तास कोठेंतरी घालवावेच लागतात.

आमचा पेशा शिकविण्याचा, त्यामुळें लक्ष आधीं शब्दाकडे जातें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ‘अर्बुद’ म्हणून जी गांठ सांगितली आहे ती वाटोळी, स्थिर, फार न दुखणारी, सावकाश वाढणारी व न पिकणारी अशी वर्णिली आहे. ‘कर्क’ हा खेकडा मात्र ग्रीक वैद्यांचा. आपण त्याचें भाषांतर केलें. यांतील ‘फार न दुखणारी’ एवढें विशेषण जरी आमच्या घरांतील स्त्रियांस ठाऊक असतें तरी चार महिने वाचले असते. भावजयीला गांठ चैत्रांत लागली होती. दुखत नाहीं म्हणून ती आषाढ संपेपर्यंत बोलली नाहीं.

निदान झाल्यावरही आमच्या घरांत ना अर्बुद हा शब्द उच्चारला गेला, ना कर्करोग. ‘तिला जरा बरें नाहीं’ एवढेंच. एका पंक्तीस चौदा पानें मांडणारें घर, आणि तिच्याशीं या विषयावर बोलावयास एक माणूस नाहीं. कारण उघड होतें: उपवर अशा दोन मुली. ‘कानोंकानीं झालें तर स्थळें फिरतील,’ असें वडीलधाऱ्यांचें म्हणणें. वास्तविक शंभर रुग्णांत आईबापांकडून आलेल्या दोषामुळें हा रोग झालेल्या पांच ते दहाच असतात, आणि जेथें तशी शंका असेल तेथें मुलींची तपासणी करून घेतां येते. दडविल्यानें तीही राहून जाते. हें घरांत कोणी बोलेना. लोक ‘एकत्र कुटुंबाचा आधार’ म्हणतात तो खोटा नाहीं. पैसा, सोबत, मुलांचे डबे, कशालाही कमी पडलें नाहीं. पण त्या आधाराला तोंड नव्हतें.

डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली आणि मग दर तीन आठवड्यांनीं एक याप्रमाणें आठ डोस ठरले. पहिल्या चारांत एक लाल औषध असतें. तें इटलींतील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून निघालें. पुढच्या चारांतलें मूळचें यू नांवाच्या वृक्षाच्या सालींतलें. वाढणाऱ्या पेशींना मारणें हें या औषधांचें काम, आणि केस, तोंडाच्या आंतील त्वचा व रक्त यांच्या पेशीही वाढणाऱ्याच. म्हणून केस जातात, तोंड येतें, पांढऱ्या पेशी उतरतात. रक्तांत त्या पुरेशा नसल्या तर डोस पुढें ढकलतात, आणि शेंकडों कोसांवरून आलेला मनुष्य तसाच बसून राहतो. त्या इमारतींतील डॉक्टरांविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु दाराशीं जो जनसमुदाय असतो तो पाहतां एकेका रुग्णाशीं त्यांनीं किती बोलावें यास मर्यादा आहे, हें कोणासही समजेल.

डॉक्टरांचें बोलणें संपतें तेथें धर्मशाळेचें सुरू होतें. दादरला गाडगेमहाराज मिशनची धर्मशाळा अशा रुग्णांसाठींच चालते. ज्या महाराजांनीं पंढरपूर, आळंदी, नाशिक येथें धर्मशाळा बांधल्या व स्वतःसाठीं खापराचें भांडें आणि खराटा एवढेंच ठेविलें, त्यांच्या नांवाला हें शोभतें. आमचा उतारा दुसऱ्या एका लहान धर्मशाळेंत होता. पहिल्या डोसानंतर ताप येण्याचें भय म्हणून तीन आठवडे तेथेंच राहिलों. पुरुष एका बाजूच्या पडवींत, बायका दुसऱ्या. पुढील हकीकत बरीचशी आमच्या सौ.च्या तोंडून ऐकलेली, कांहीं पडवीच्या भिंतीआडून.

तेथें मुरूडकडील मासळी विकणारी एक बाई होती. तिचे चार डोस झाले होते. लातूरकडील प्राथमिक शाळेंतील एक शिक्षिका होती. एक बिहारी मुसलमान स्त्री होती, तिला मराठी येत नसे व इतरांना हिंदी जेमतेम. भावजय पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून निजली. सोवळ्याओवळ्याचें आता फारसें कोणी पाळीत नाहीं, तरी मासळीवालीच्या हातचें पाणी घेतांना तिची घालमेल झाली, असें सौ. सांगते. तिसऱ्या सकाळीं नव्हे, पहिल्याच संध्याकाळीं ती बाई जवळ येऊन बसली व म्हणाली, “ताई, आज-उद्यां लघवी लाल होईल. रगत नाय तें, औषधाचा रंग हाय. मला कुनी सांगितलं नव्हतं, मी रातभर रडत बसलेलें.” रात्रीं तसेंच झालें, आणि भावजय रडली नाहीं.

एवढीशी गोष्ट, पण आम्हीं ती पुष्कळ वेळ मनांत घोळविली. ‘धीर धर’ असें आम्हीं सर्वांनीं सांगितलें होतें. धीर कशासाठीं व किती दिवस धरावयाचा हें सांगणारी ती पहिलीच. ती चार डोस पुढें होती, एवढाच तिचा अधिकार. मग रोज एकेक गोष्ट येऊं लागली. दहाव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, त्या दिवसांत गर्दींत जाऊं नये. उशाशीं तापमापक ठेवावा, पारा १००.४ वर गेला तर रात्र असो कीं सण असो, इस्पितळ गांठावें. ज्या बाजूची शस्त्रक्रिया त्या हातावर रक्तदाब मोजूं देऊं नये, सुई टोंचूं देऊं नये. भिंतीवर बोटें चढवीत रोज हात वर न्यावा. शिक्षिकेनें त्यासाठीं भिंतीवर पेन्सिलीनें रेघा मारून प्रत्येकीचें नांव घातलें होतें. कोणाची रेघ किती चढली यावरून त्यांच्यांत चेष्टामस्करी चाले. बिहारी बाईंची रेघ सर्वांत वर होती.

सतराव्या दिवशीं फणींत केस आले. दुसऱ्या दिवशीं उशीवर झुपके. येथें आमच्या वाचकभगिनींस कांहीं सांगावयास नको. ज्या घरांत पणजीला आलवणांत पाहिलेली माणसें अजून जिवंत आहेत, तेथें स्त्रीच्या बोडक्या डोक्याचा अर्थ एकच. आमच्या आत्याबाई नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांच्या आजीचें केशवपन झालेलें होतें. भावजयीचा नवरा पडवींत आमच्या शेजारीं धडधाकट बसलेला, आणि ती आंत म्हणत होती, “न्हाव्याला बोलावूं नका. वहिनी, तेवढें करूं नका.” इस्पितळांतील कोणत्याही पत्रकांत हें दुःख लिहिलेलें नाहीं, आणि मुरूडच्या बाईला तें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तिनें फक्त विचारलें, न्हावी नको तर आम्ही चालूं का? मग शिक्षिकेनें कात्री आणली. पांच जणींनीं आपापल्या डोक्यांचे रुमाल सोडून ठेवले आणि तिला मध्यें बसविलें. अर्ध्या तासानें आंतून हंसण्याचा आवाज आला. आमचा धाकटा बंधु उठून बाहेर रस्त्यावर गेला, तो बराच वेळ परतला नाहीं. सौ. सांगते, शेवटीं भावजयीनें कुंकवाची डबी मागितली व आरशांत न पाहतां स्वतःच्या हातानें लावलें.

सर्वच सल्ले असे सोन्यासारखे नसतात. धर्मशाळेंत पाल्याचे काढे सांगणारे, ‘हें विष घेऊंच नका’ म्हणणारे, कोणा बाबाची पुडी देणारे असेही येतात, आणि थकलेला मनुष्य त्यांचें ऐकतो. मुरूडची बाई अशांना एकच प्रश्न विचारी, “तुमाला झालता काय?” स्वतः मात्र औषधाची गोष्ट निघाली कीं ‘तें डाक्टरला इचार’ म्हणून थांबे. जिला आपली मर्यादा कळते तिचाच सल्ला घ्यावा.

परदेशांत याची रीतसर संस्था झालेली आहे. अमेरिकेंत टेरेस लासर नांवाच्या बाईंनीं स्वतःची शस्त्रक्रिया झाल्यावर १९५२ सालीं इस्पितळांतून नव्या रुग्ण स्त्रियांना भेटावयास सुरुवात केली. पुष्कळ शल्यवैद्यांस प्रथम तें रुचलें नाहीं, पण १९६९ सालीं तेथील कर्करोगसंस्थेनें तें काम आपलेंसें केलें. आपल्याकडेही मुंबईंत इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आहे. परळच्या पडवींतल्या बायकांना यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें.

पांचव्या डोसाला गेलों तेव्हां शिक्षिका नव्हती. तिचा रोग यकृतांत उतरला होता, हें आधींच कळलें होतें. दूरध्वनि मुलानें घेतला. नव्यानें आलेल्या दोघी भिंतीवरच्या नांवाकडे बोट दाखवून ‘ही कोण?’ म्हणाल्या, तेव्हां मुरूडच्या बाईनें खोटें सांगितलें नाहीं. “गेली. लय चांगली होती. रेघा तिनंच काढल्या,” म्हणाली आणि त्या दोघींना हात वर न्यावयास लावले.

आठवा डोस झाला. त्यानंतर किरणांचे तीन आठवडे झाले आणि आम्ही घरीं परतलों; पुढल्या दारानें. आत्याबाईंनीं भावजयीचा रुमाल काढावयास लावला, बराच वेळ डोक्यावरून हात फिरविला आणि आपल्या आजीचें नांव घेतलें. तें नांव आम्हीं जन्मांत प्रथमच ऐकलें. थोरल्या पुतणीच्या स्थळाकडच्यांना या वैशाखांत भावजयीनें आपण होऊन सर्व सांगितलें. त्यांतील एक स्थळ फिरलें. दुसऱ्या घरांतल्या सासूबाईंनीं तिला आंत बोलावून दार लावून घेतलें व आपल्याला लागलेली एक गांठ दाखविली.

तेव्हांपासून आमच्या माजघरांत आठवड्यांतून एखादी तरी अनोळखी बाई येऊन बसते. पुरुषांना ओटीवर जावें लागतें, चहा उशिरा मिळतो. भावजयीचे केस आतां चार बोटें वाढले आहेत, पूर्वीं सरळ होते ते कुरळे आले आहेत. येत्या सोमवारीं पेठेंतील एका सराफाच्या सुनेचा पहिला डोस आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसचीं दोन तिकिटें काढून ठेवलीं आहेत. तापमापक, पेन्सिल आणि सुती रुमाल यांची पिशवी भावजयीनें कालच भरली.