तुमच्याकडे आहे का?

वीज गेल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? मेणबत्ती शोधतो, हे झालं शाळेच्या निबंधातलं उत्तर. प्रत्यक्षात तो खिडकीशी जाऊन शेजाऱ्याचं घर बघतो. तिथेही काळोख दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. शेजाऱ्याकडे मात्र दिवा ढणढणीत जळत असला, तर काळोखापेक्षा तो उजेडच जास्त बोचतो.

आमच्या पूर्णगडात हे काम नुसत्या खिडकीवर भागत नाही. मुचकुंदीच्या मुखाशी वसलेलं गाव, घरांच्या मध्ये माडापोफळींची गर्दी. त्यामुळे बघण्याऐवजी ओरडावं लागतं. "काय हो, लाइट तुमच्याकडे आहे का?" ही आरोळी एका अंगणातून सुटते, गडगा ओलांडते आणि "गेलीय!" असं समाधानी उत्तर घेऊन परत येते. मग चौकशीचा पल्ला वाढतो. वरच्या वाडीत आहे काय? खाडीपलीकडे गावखडीत? पावसला? ज्यांचे नातेवाईक सर्वदूर पसरलेले आहेत, ते पाच मिनिटांत अर्ध्या तालुक्याचा नकाशा तयार करतात.

शहरातला माणूस याला भोचकपणा म्हणेल. पण वीजखात्यातला माणूस याला दोषशोधनाची पहिली पायरी म्हणतो! काळोख फक्त आपल्याच घरात असेल, तर आपला फ्यूज किंवा खांबावरून आलेली वायर. सगळी वाडी काळोखात आणि पलीकडची उजेडात, तर डीपीवर काहीतरी बिनसलंय. गावच्या गाव गेलं असेल, तर अकरा हजार व्होल्टची लाइन. आजूबाजूची दहा गावंही गेली असतील, तर उपकेंद्र किंवा त्याच्या मागची तेहतीस हजारांची. आणि रत्नागिरीसकट सगळंच गेलं असेल, तर उशी जवळ ओढून स्वस्थ पडावं. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिड एकदम कोसळली. साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. शेजाऱ्याकडे आहे का, हे विचारायला त्या दिवशी तिकडच्या लोकांना दुसऱ्या टोकाचं राज्य गाठावं लागलं असेल.

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. विजेशी माझा अधिकृत संबंध बिल भरण्यापुरता. तरी वायरमनची दोष शोधण्याची रीत ऐकली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कारण तो जे करतो, त्याला आम्ही ट्रायल बॅलन्स जुळवणं म्हणतो. फरक नऊने भागला गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, ४५ चे ५४ झालेत, असं समजायचं. तसंही सापडलं नाही, तर पानांचे दोन भाग करायचे. पहिला भाग जुळला की चोर दुसऱ्यात. मग त्याचे दोन भाग. वायरमनही तेच करतो. लाइनच्या मध्यावरचा एबी स्विच उघडतो आणि उपकेंद्राला फोन करतो, "सोडा." अलीकडची अर्धी लाइन टिकली, तर ती निर्दोष. उपकेंद्रातला ब्रेकर पुन्हा उडाला, तर आरोपी तिच्यातच. या हिशेबाने हजार खांबांतला एक खांब दहा फेऱ्यांत सापडायला हवा.

हवा म्हणजे कागदावर. खांबागणिक स्विच काही बसवलेले नसतात. म्हणून दोन-चार फेऱ्या झाल्या की गणित संपतं आणि पायपीट सुरू होते. भर पावसात, रात्री, हातात बॅटरी घेऊन लाइनखालून चालायचं. वर बघावं तर पाणी डोळ्यांत. न बघावं तर तारेवर पडलेली झावळी दिसत नाही. खाली बघावं तर लाइन हुकते. न बघावं तर फुरसं.

झावळी हा तरी प्रामाणिक गुन्हेगार. निदान जागेवर सापडते. खरा लबाड इन्सुलेटर. आठ महिने समुद्रावरचा वारा त्याच्यावर मिठाचं लिंपण चढवत असतो. कोरडं मीठ बिचारं काही करत नाही. मुसळधार पाऊस ते धुऊनच काढतो. पण मिरगाची पहिली रिमझिम ते नुसतं ओलं करते, आणि वीज त्यावरून पाय घसरल्यासारखी खांबात उतरते. केसाएवढी चीर गेलेला इन्सुलेटर तर याहून बेरका. पावसात लाइन पाडतो आणि वायरमन येईपर्यंत ऊन पडलं, की ऑडिटच्या दिवशीच्या कारकुनासारखा शहाण्यासारखा बसून राहतो.

मुंबईकरांना वाटतं, आमच्या केबल जमिनीखालून जातात, आम्हाला झावळ्यांचं भय नाही. खरं आहे. पण तिथला दोष दिसतच नाही, तो ऐकावा लागतो. केबलमध्ये विजेचा जोरदार झटका सोडतात, बिघडल्या जागी जमिनीखाली 'धप्' असा आवाज होतो, आणि माणूस फूटपाथवर यंत्र कानाला लावून तो हुडकतो. आमचा वायरमन आभाळाकडे बघतो, त्यांचा धरणीला कान देतो, एवढाच फरक.

दोष सापडला, की झावळी काढायला दहा मिनिटं. तरीही आपल्याला वाटतं तितक्या चटकन वीज येत नाही. का, ते ऐका. खांबावर चढण्याआधी उपकेंद्राकडून परमिट घ्यायचं, लाइन बंद असल्याची खात्री करायची, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीशी जोडून ठेवायच्या. उतरल्यावर सगळं सोडवून, माणसं मोजून, परमिट परत करायचं; मगच "सोडा". या दरम्यान कुणा उत्साही गृहस्थाने चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर सुरू केला, तर त्याच्या घरातले २३० व्होल्ट उलटे डीपीत शिरतात आणि पलीकडून हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडतात. घरात टीव्ही लागतो, आणि बंद म्हणून धरलेली तार खांबावर जिवंत होते. हे लिहिताना मला विनोद सुचत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे खांबांच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा हुडकायचं काहीच नव्हतं. दोष सगळीकडेच होता. खांब खांद्यावर वाहून, चिखलात खड्डे खणून माणसांनी गावं एकेक करून उजेडात आणली.

वीज आली की सगळी वाडी "आली!" म्हणून ओरडते. कुणी आणली, हे विचारायचं राहून जातं, कारण तोवर मालिका सुरू झालेली असते. म्हणून तासाभरात सहाव्यांदा फोन करून "लाइट कधी येणार?" म्हणून कुणाला झाडायची लहर आली, तर खरं उत्तर आधीच ऐकून ठेवा. माणूस खांबावरून खाली उतरला की.