एक जण हसत नव्हता

मागच्या वीकेंडला ताईकडे सावंगीला जाऊन आलो. सावंगी (मेघे) म्हणजे वर्ध्याला लागूनच असलेलं मेडिकल कॉलेजचं गाव. पुण्याहून रात्रभराचा रेल्वे प्रवास, पण भाचा दारात उभा दिसला की शीण जातो. या वेळी मात्र साहेब दारात नव्हते. आत कोपऱ्यात गाल फुगवून बसले होते.

कारण ताईच्या हातात होतं. त्याच्या दप्तराच्या कप्प्यात एकमेकांना चिकटलेले पाच पॅच सापडले होते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पॅच म्हटलं की शुक्रवारी संध्याकाळी येणारं संकट आठवतं. हा पॅच वेगळा. भाचा सहा वर्षांचा, पहिलीत. त्याचा एक डोळा 'आळशी' आहे, म्हणजे मेंदू त्या डोळ्याकडून आलेल्या चित्राकडे नीट लक्षच देत नाही. म्हणून चांगला डोळा रोज काही तास झाकायचा, की मेंदूला झक मारत आळशी डोळ्याकडून काम करून घ्यावं लागतं. हे लहानपणीच करायला हवं, वय वाढलं की उपयोग कमी होत जातो. आणि हा पठ्ठ्या रोज शाळेत गेल्या गेल्या पॅच काढून ठेवत होता.

"कायले काढतो रे?" ताईनं विचारलं.

"मले काण्या म्हणते तो."

माझ्यातला मामा लगेच जागा झाला. म्हटलं, "एक ठेवून दे कानाखाली!"

"तो मोठा हाय ना मामा. अन् मी मारलं तर टीचर मलेच रागावते."

लॉजिक बिनतोड होतं. मग ताईनं नेहमीचा उपाय काढला, "तू त्याच्याशी चांगलं वाग, तोही सुधारेल." हे मला पटेना. ज्याला रोज टोचलं जातं त्यानंच चांगुलपणाही दाखवायचा? सहा वर्षांच्या पोरावर किती ओझं टाकायचं?

सहज विचारलं, "बाकीचे काय करतात?"

"हासते सारे." मग जरा थांबून म्हणाला, "एक नाही हासत. तो डब्यात पाहते."

इथे मी गप्प झालो. कारण चौथीत आमच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळायचा. त्याची नक्कल करणारा एकच होता, हसणारे आम्ही चाळीस. मी कधी कुणाला चिडवलं नाही असं इतकी वर्षं मी अभिमानानं सांगत आलोय. पण हसलो होतो, चांगला मोठ्यानं. चिडवणाऱ्याला हवं असतं ते आम्हीच तर पुरवत होतो!

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच धरलं. त्यांचा 'किवा' नावाचा कार्यक्रम २००९ पासून तिथल्या शाळांत देशभर सुरू झाला. फिनिशमध्ये 'किवा' म्हणजे छान, चांगला. त्यांचा भर दादागिरी करणाऱ्याइतकाच बघ्यांवर असतो. बघे हसायचे थांबले आणि एकटा पडलेल्याशेजारी कुणी जाऊन बसलं, की दादागिरीतली मजाच जाते.

फिनलंड लांब राहिलं, रविवारी आम्ही सेवाग्रामला गेलो. तिथे बापूंच्या कुटीपासून जवळच परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, त्यांना कुष्ठरोग झाला होता. १९३९ मध्ये ते आश्रमात आले. त्या काळी कुष्ठरोग्याची सावलीसुद्धा लोक टाळत. गांधीजींनी त्यांना आपल्या जवळ ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांना मालिश केलं. आता लोकांनी चांगलं वागावं म्हणून शास्त्रीबुवांना काही करावं लागलं नाही. पहिलं पाऊल त्यांच्या शेजारी बसणाऱ्यानं टाकलं.

भाच्याला यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्याचं लक्ष माकडांकडे होतं. असो.

घरी येऊन आम्ही 'टेस्टिंग' केलं. मी दादागिरी करणारा, तो तो. "ए काण्या!" म्हणताना मलाच कसंतरी झालं. त्यानं ताठ उभं राहून म्हणायचं, "हा पॅच हाय. माझा डोळा शिकून राहिला." शिवी नाही, रडणं नाही, आणि तिथून सरळ मित्राकडे चालू लागायचं. चार-पाचदा आवाज कापला, मग जमलं. पुन्हा झालं तर टीचरला सांगायचं, ती चुगली नव्हे, हेही घोकून घेतलं.

पण मोठ्यांचं काम मोठ्यांनीच करायला हवं. सोमवारी ताई बाईंना जाऊन भेटली. बाईंनी पॅच म्हणजे काय ते वर्गात सगळ्यांना समजावून सांगितलं. आणि ताईनं डब्यात जास्तीच्या दोन पुऱ्या दिल्या, त्या न हसणाऱ्या मुलासाठी.

गुरुवारी फोन केला. मोठा मुलगा अजूनही काण्या म्हणतो. सगळं चार दिवसांत बदलेल असं नाहीच.

"मग तू काय केलं?"

"आम्ही डबा खात होतो," भाचा म्हणाला. "पॅच लावूनच."

'आम्ही' हा शब्द मी फोन ठेवल्यावरही बराच वेळ ऐकत होतो. आज रात्री घरच्या पोरांना "तुला कुणी चिडवतं का?" विचारलंत, तर सोबत हेही विचारा: "कुणाला चिडवतात तेव्हा तू कुठे असतोस?"