दुरुस्तीच्या टेबलावरून

आदिलाबाद

चि. सुमेध यास,


डीबगर काय किंवा प्रोग्रॅमची मेमरी तपासणारी साधनं काय, सगळी अमेरिका-इंग्लंडातच का तयार होतात, असं तू विचारलं आहेस. उत्तरही तूच दिलंस: या कामाला मोठी विद्यापीठं लागतात आणि मोठं भांडवल लागतं. विद्यापीठांचं म्हणणं थोडं खरं आहे, भांडवलाचं मला पटत नाही. बिघडलेलं मशीन पुढ्यात आहे, गिऱ्हाईक खोळंबलं आहे आणि हातात असलेल्या साधनाने काम भागत नाही, अशा जागी चूक शोधायचं नवं साधन जन्माला येतं. याचा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा पुण्याच्या क्विक हील या व्हायरसविरोधी साधन काढणाऱ्या कंपनीच्या इतिहासात आहे, म्हणून तो तुला जरा सविस्तर सांगते.

कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर शाळा सोडून ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले आणि १९९० मध्ये १५,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान थाटलं. कचेऱ्यांमधून संगणक येऊ लागले तसे तेही ते दुरुस्त करू लागले, आणि १९९३ मध्ये दुकानाची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी झाली. धाकटे भाऊ संजय त्या काळात मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या पुष्कळ मशीनमध्ये सुटा भाग एकही बिघडलेला नसे. फ्लॉपीतून शिरलेल्या व्हायरसने त्यांचा घात केलेला असे. कैलास यांनी हे हेरलं आणि भावाला यावर काहीतरी लिहायला सांगितलं. संजय यांचं सुरुवातीचं काम मायकेलअँजेलो या व्हायरसवर झालं, आणि १९९५ मध्ये डॉसवर चालणारं क्विक हील बाजारात आलं.

तू इथे म्हणशील की व्हायरस काढणं वेगळं आणि डीबगिंग वेगळं. बग ही लिहिणाऱ्याच्या हातून झालेली चूक असते, व्हायरस कुणीतरी मुद्दाम लिहिलेला असतो. हेतू वेगळे आहेत हे मान्य. पण टेबलावरचं काम बघ. मायकेलअँजेलो हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटांच्या जागेत, स्वतः जाऊन बसे आणि तिथला मूळ मजकूर उचलून त्याच पट्ट्यातल्या सातव्या सेक्टरमध्ये ठेवी. ६ मार्च उजाडला की डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर भलताच मजकूर लिहून टाकी. त्याचा मूळ कोड कुणाकडे नव्हता. तो काय करतो हे कळायला डॉसबरोबर येणाऱ्या डीबगसारख्या साधनातून यंत्रभाषेची एकेक आज्ञा वाचत जाणं एवढाच मार्ग होता. मूळ सेक्टर कुठे दडवला आहे हे कळलं की तो परत जागेवर आणता येतो. मात्र तेवढ्यानेही भागत नसे. स्टोन्ड नावाचा आधीचा व्हायरससुद्धा मूळ मजकूर त्याच सातव्या सेक्टरमध्ये ठेवी. एकाच डिस्कवर आधी स्टोन्ड आणि मग मायकेलअँजेलो आला, तर सातव्या सेक्टरमध्ये स्टोन्डच जाऊन बसे आणि मूळ मजकूर कायमचा पुसला जाई. अशा डिस्कवर कुणी पुस्तकी पद्धतीने सातवा सेक्टर पहिल्या जागी आणला, तर त्याने एक व्हायरस काढून दुसरा बसवला! तिथे मशीन सुरू करणारा कोड नव्याने लिहावा लागतो आणि डिस्कची विभागणी सांगणारा तक्ता जपावा लागतो. हे सगळं टाळायचं तर अख्खी डिस्क सरळ पुसून मशीन नव्याने मांडून द्यायचं, पण मग दुकानदाराचे वर्षभराचे हिशेब गेले. ते हिशेब वाचवायचे असतील तर चुकीच्या मुळाशी जावंच लागतं, आणि या कामाला डीबगिंगखेरीज दुसरं नाव मला सुचत नाही.

अमेरिकेतला दाखला घेतला तरी गोष्ट फारशी वेगळी निघत नाही. प्युरिफाय हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन प्युअर सॉफ्टवेअरने काढलं. ही कंपनी रीड हेस्टिंग्ज यांनी १९९१ मध्ये सुरू केली. १९९६ मध्ये ती ॲट्रिया या कंपनीशी विलीन झाली आणि १९९७ मध्ये रॅशनलने ती घेतली. हेस्टिंग्ज स्टॅनफर्डला शिकले होते, तेव्हा विद्यापीठाचा वाटा तुझ्या बाजूने मोजायला हवा. संजय यांच्या कॉलेजचाही मोजायला हवा. पण चुका शोधणारं साधन हेस्टिंग्ज यांनी आधी ॲडॅप्टिव्ह टेक्नॉलॉजीमध्ये नोकरी करताना बनवलं होतं, कंपनी मागून आली. मेमरीला हात लावणाऱ्या प्रत्येक आज्ञेभोवती तपासणीच्या आज्ञा पेरायच्या, ही प्युरिफायची युक्ती अशा चुकांमागे स्वतः धावलेल्या माणसालाच सुचावी.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. जीडीबी हा डीबगर १९८६ पासून फुकट मिळतो, मेमरी तपासणारं व्हॅलग्राइंड २००२ पासून. फुकटच्या साधनांपुढे लहान कंपनी तगणार कशी? तगण्याची ही लढाई क्विक हीललाही लढावी लागली. १९९९ च्या सुमारास कंपनी बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली होती. तिला तारलं ते गावोगावच्या संगणक जोडणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांनी. पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला निघाली. हे दुकानदार म्हणजे पूर्वीच्या कैलास काटकरांसारखेच लोक. ते सीडी विकत, बसवून देत आणि अडलं तर घरी येत. पैसे खरे त्या भरवशाचे होते. २००७ मध्ये कंपनीने क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतलं, २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूकदार कंपनीने तिच्यात ६० कोटी रुपये गुंतवले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. ज्या मोठ्या भांडवलाला तू पहिली अट म्हणतोस, ते पहिल्या विक्रीनंतर १५ वर्षांनी आलं. दरम्यान विंडोजमध्येच व्हायरसविरोधी साधन फुकट येऊ लागलं, तेव्हा घरगुती गिऱ्हाइकावर विसंबून चालेना. मोठ्या संस्थांसाठी सेक्राइट हे वेगळं नाव काढावं लागलं. ही झुंज अजून संपलेली नाही, आणि कंपनी ती जिंकेलच असं मी म्हणत नाही.

राहता राहिलं आपलं आदिलाबाद. पुण्यात संगणक होते, कचेऱ्या होत्या, कॉलेजं होती. इथे काय आहे, असं तू विचारशील. बाहेरच्या ग्राहकांची कामं इथे बसून करणारी बीडीएनटी लॅब्ससारखी कंपनी आहे, पण माझा भर तिच्यावर नाही. या भागात अशा चुका आहेत ज्या दुसरीकडे कुणाला दिसणारच नाहीत. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतल्या पोथ्या मिळाल्या. ती गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत आली आणि तिचा नोटो फॉन्टही निघाला. पण अक्षरांना क्रमांक मिळाले म्हणजे मजकूर पडद्यावर नीट उमटतोच असं नाही. जोडाक्षर तुटतं, वेलांटी भलत्या बाजूला जाते, कर्सर अक्षराच्या मधोमध थांबतो. देवनागरीतल्या अशा चुका लाखो लोकांनी वर्षानुवर्षं बोंब मारून सुधारून घेतल्या. गुंजाळा गोंडीत चूक झाली तर ती चूक आहे हे ओळखणारी माणसं मुख्यतः याच जिल्ह्यात आणि शेजारच्या कुमुरम भीम आसिफाबादमध्ये. पेनगंगेच्या काठी मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच बाजारात बोलल्या जातात, तेव्हा तिन्ही भाषांच्या लिप्या एका अर्जात किंवा एका पाठ्यपुस्तकात मिसळल्या की काय बिघडतं हेही इथेच तपासता येईल. यातून मोठा धंदा उभा राहील का? गिऱ्हाईक थोडं आहे, त्यामुळे नुसत्या गोंडीवर कंपनी चालणार नाही हा तुझा मुद्दा मी आधीच मान्य करते. पण मिश्र लिप्यांचा मजकूर तपासणारं साधन एकदा इथे तयार झालं, तर त्याची गरज संतालीच्या ओल चिकीला आहे, मणिपुरीच्या मैतेई मयेकला आहे, आणि देवनागरीलाही अजून आहे.

तू जिथे आहेस तिथे मजकूर पडद्यावर मांडणाऱ्या कोडवर काम करणारं कुणी असेल, तर त्यांच्या चाचण्यांमध्ये गुंजाळा गोंडी आहे का, एवढं विचारून कळव. नसेल तर कोणत्या स्वरूपात नमुने पाठवायचे तेही लिही. ते वाचून तपासणारी माणसं इथून मिळवून देण्याचं मी बघते.

तुझी
आत्या